बिनतारी दूरध्वनीच्या पाच पिढ्या आणि आपला व्यापार

व्यापार म्हणजे माल आणि पैसा यांची देवघेव, अशी व्याख्या आपण सर्वसाधारणपणे करतो. परंतु माल हलण्यापूर्वी आणि पैसा चुकता होण्यापूर्वी तिसरी एक वस्तू हललेली असते. ती म्हणजे बातमी. कोणत्या पेठेत आवक किती झाली, पाऊस कोठे लांबला, तुरीचा भाव सकाळी काय निघाला आणि दुपारी कोठे येऊन बसला, हे ज्यास प्रथम कळले त्याचा सौदा अर्धा झालाच म्हणून समजावे. म्हणूनच बातमी वाहून नेण्याचे साधन बदलले की व्यापाराची रीतही बदलते.

गेल्या तीस वर्षांत हे साधन जितके बदलले तितके त्यापूर्वीच्या शंभर वर्षांतही बदलले नसेल. हातातल्या बिनतारी दूरध्वनीच्या, म्हणजे मोबाइलच्या, पिढ्यांमागून पिढ्या आल्या. पेढीवरील तरुण मंडळी "आता फाइव्ह-जी आले" असे सहज बोलून जातात. परंतु हा 'जी' म्हणजे काय, एक पिढी जाऊन दुसरी का येते, आणि या येण्याजाण्यात आपल्यासारख्यांच्या पदरात काय पडते व हातचे काय जाते, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. तो व्हावा म्हणून हा लेखनप्रपंच. प्रस्तुत लेखक शास्त्रज्ञ नव्हे. धान्याच्या गोण्या मोजण्यात आयुष्य घालविलेला, मॅट्रिकपर्यंत शिकलेला व्यापारी आहे. म्हणून विषयाची मांडणी बाजाराच्या भाषेतच केली आहे. जाणकारांनी ती गोड मानून घ्यावी.

हजिऱ्याचा या विषयाशी संबंध

हजीरा आणि बिनतारी दूरध्वनी यांचा काय संबंध, असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो जवळचा आहे. तापीच्या मुखाशी असलेली ही भूमी फार पूर्वीपासून बातमीची वाट पाहणाऱ्यांची भूमी आहे. शेजारच्या सुवाळीच्या किनाऱ्यावर १६१२ साली इंग्रज आणि पोर्तुगीज गलबतांची लढाई झाली आणि त्यानंतर सुरतेच्या व्यापारात इंग्रजांचा पाय रोवला गेला. त्या काळी विलायतेच्या पेढीला लिहिलेल्या पत्राचे उत्तर यावयास वर्ष उलटून जाई. कारण पत्र जहाजाने जाई आणि जहाज वाऱ्याच्या मर्जीने चाले.

पुढे याच किनाऱ्यावर खत, नैसर्गिक वायू, पोलाद आणि पेट्रोरसायने यांचे प्रचंड कारखाने उभे राहिले. यांतील दोन उद्योगसमूहांचा आपल्या विषयाशी प्रत्यक्ष संबंध येतो. ज्या एस्सार समूहाने येथे पोलादाचा कारखाना उभारला त्यानेच १९९५ च्या सुमारास दिल्लीत मोबाइल सेवा चालविली, पुढे हचिसन व त्यानंतर व्होडाफोन यांच्याशी भागीदारी केली, आणि २०११ मध्ये आपला हिस्सा व्होडाफोनला विकून त्या धंद्यातून अंग काढून घेतले. दुसरा समूह रिलायन्सचा. पेट्रोरसायनांचा त्याचा मोठा कारखाना हजिऱ्यात आहे, आणि चौथ्या पिढीचे 'जिओ' हे जाळे त्याचेच. म्हणजे ज्या गावच्या वेशीवर आपण ट्रकांतून धान्य उतरवितो, त्याच गावात मुळे रोवलेल्या भांडवलाने भारतातील दूरध्वनीच्या पिढ्या घडविल्या, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

तारेचा काळ

बिनतारीकडे वळण्यापूर्वी तारेचे स्मरण करणे उचित होईल. भारतात सर्वसामान्यांसाठी तारसेवा १८५४ साली खुली झाली. १८८२ च्या जानेवारीत कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे दूरध्वनी केंद्रे सुरू झाली. तरीही परगावी बोलावयाचे तर ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहणे नशिबी असे. साधा, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे तीन दर. ज्याची ऐपत लाइटनिंगची, त्याला भाव आधी कळे. अशा रीतीने बातमीलाही किंमत होती आणि ती रोख मोजावी लागे. मधल्या माणसाविना थेट परगावचा क्रमांक फिरविण्याची सोय १९६० साली कानपूर व लखनौ या दोन शहरांत प्रथम झाली. ती गावोगाव पोहोचावयास पुढे दोन-तीन दशके लागली. १९८० नंतरच्या दशकात पिवळ्या पाट्यांच्या एस.टी.डी. टपऱ्या आल्या, आणि लहान व्यापाऱ्यालाही परगावचा भाव विचारता येऊ लागला. जुनी तारसेवा मात्र जुलै २०१३ मध्ये कायमची बंद झाली. आपल्यापैकी अनेकांच्या जुन्या फायलींत तारांचे ते पिवळसर कागद अजून सापडतील.

पहिली पिढी : एका गावाचे अनेक वाडे

बिनतारी लहरींवर बोलणे ही कल्पना जुनी होती; अडचण होती ती जागेची. आकाशातील लहरींचा पट्टा मोजकाच. प्रत्येक संभाषणास त्यातील एक तुकडा द्यावा लागतो. एका शहरावर एकच उंच मनोरा उभारला, तर जितके तुकडे तितकीच माणसे एका वेळी बोलू शकणार. मोठ्या शहरातही ही संख्या अगदी तोकडी पडे.

यावर १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एक तोड निघाली. शहराचे लहान लहान वाडे पाडावेत, प्रत्येक वाड्यास कमी ताकदीचा स्वतंत्र मनोरा द्यावा, आणि शेजारच्या वाड्यांत निराळे तुकडे, परंतु दूरच्या वाड्यात पुन्हा तेच तुकडे वापरावेत. सुरतेच्या बाजारात 'दुकान क्रमांक ७' आहे आणि जळगावच्या बाजारातही 'दुकान क्रमांक ७' आहे. दोहोंत अंतर असल्यामुळे पत्रांचा घोटाळा होत नाही. तत्त्व तेच. या वाड्यालाच इंग्रजीत 'सेल' म्हणतात, आणि म्हणून हा दूरध्वनी 'सेल्युलर'. मनुष्य एका वाड्यातून दुसऱ्यात गेला की त्याचे संभाषण न तुटता पुढच्या मनोऱ्याच्या स्वाधीन करावयाचे, ही यातील खरी कसोटी होती.

हातात धरण्याजोग्या यंत्रावरून पहिले संभाषण ३ एप्रिल १९७३ रोजी न्यूयॉर्कच्या रस्त्यावर मोटोरोला कंपनीच्या मार्टिन कूपर यांनी केले. व्यापारी तत्त्वावरील पहिले जाळे जपानमध्ये टोकियोत १९७९ साली, नंतर १९८१ मध्ये उत्तर युरोपातील देशांत आणि १९८३ मध्ये अमेरिकेत शिकागो येथे सुरू झाले. ही पहिली पिढी. तिच्यात आवाज जसाच्या तसा लहरींवर चढविला जाई. त्यामुळे दोष दोन. एक, प्रत्येक संभाषण एक संपूर्ण तुकडा अडवून बसे, जणू एका गोणीसाठी एक सबंध वखार. दुसरा दोष व्यापाऱ्यास फार महागात पडणारा : योग्य यंत्र असलेल्या कोणासही हे बोलणे चोरून ऐकता येई. सौद्याचा भाव भिंतीपलीकडे ऐकू जाणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको. भारतात ही पिढी सर्वसामान्यांच्या हाती आलीच नाही. आपण थेट दुसऱ्या पिढीच्या पंक्तीला बसलो, आणि उशिरा येण्याचा हा एक लाभच झाला.

दुसरी पिढी : आवाजाचे आकडे

दुसऱ्या पिढीने आवाजाचे आकड्यांत रूपांतर केले. शून्य आणि एक या दोन अंकांच्या माळेत बोलणे गुंफले की त्याला कुलूप लावता येते, ते दाबून लहान करता येते आणि वाटेत खराब झाल्यास काही प्रमाणात दुरुस्तही करता येते. युरोपातील देशांनी एकत्र येऊन 'जीएसएम' नावाचे समान माप ठरविले, आणि १ जुलै १९९१ रोजी फिनलंडमध्ये त्यावर पहिले संभाषण झाले. या पद्धतीत एकाच तुकड्यावर आठ जणांना पाळी दिली जाते. एका मोठ्या काट्यावर आठ व्यापाऱ्यांनी आळीपाळीने माल तोलावा तसे हे आहे. मात्र प्रत्येकाची पाळी सेकंदात दोनशेहून अधिक वेळा येते, म्हणून आपल्याशिवाय काट्यावर दुसरे कोणी आहे याचा पत्ताही लागत नाही. ग्राहकाची ओळख यंत्रात न ठेवता एका लहानशा चकतीत, म्हणजे सिममध्ये ठेवली. त्यामुळे यंत्र बदलले तरी क्रमांक आपलाच राहतो. डिसेंबर १९९२ मध्ये पहिला लघुसंदेशही याच पिढीवर गेला.

भारतात ३१ जुलै १९९५ रोजी पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळण मंत्री सुखराम यांना पहिला मोबाइल दूरध्वनी केला. त्या काळी दर मिनिटास १६ रुपयांपर्यंत जाई, आणि आलेल्या दूरध्वनीचेही पैसे पडत. यंत्र खिशात असूनही लोक क्रमांक पाहून ते बंद करीत आणि जवळच्या टपरीवरून उलट दूरध्वनी करीत. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणाने कंपन्यांवरील ठोक परवाना शुल्काऐवजी उत्पन्नातील वाटा घेण्याची पद्धत आणली. ठरीव मक्त्याऐवजी बटाई आली, असे म्हणा ना. २००२ मध्ये बीएसएनएलची मोबाइल सेवा आणि वर्षाअखेरीस रिलायन्स इन्फोकॉमची सेवा सुरू झाली. मे २००३ पासून येणारा दूरध्वनी विनामूल्य झाला. तेथून खऱ्या अर्थाने मोबाइल हमालाच्या, मापाड्याच्या आणि शेतकऱ्याच्या हाती गेला.

रिलायन्सची त्या वेळची सेवा निराळ्या, 'सीडीएमए' नावाच्या, पद्धतीची होती. तिचे तत्त्व आपल्याला चटकन उमजेल. एकाच ट्रकमध्ये दहा व्यापाऱ्यांच्या गोण्या एकत्र भरल्या, तरी प्रत्येक गोणीवर आपापला मार्का असल्यामुळे उतरविताना घोटाळा होत नाही. तद्वत् सर्वांचे बोलणे एकाच पट्ट्यावर एकाच वेळी जाते, आणि प्रत्येकाचा यंत्रातील मार्का ते वेगळे काढतो. हेच तत्त्व पुढे तिसऱ्या पिढीचा पाया झाले.

तिसरी पिढी : लिलावाचा धडा

तिसरी पिढी बोलण्यापेक्षा माहितीसाठी जन्मास आली. जपानमध्ये ऑक्टोबर २००१ मध्ये ती सुरू झाली. भारतात सरकारी एमटीएनएलने डिसेंबर २००८ मध्ये दिल्लीत आणि बीएसएनएलने २००९ मध्ये तिचा आरंभ केला. खाजगी कंपन्यांसाठी २०१० साली लहरींचा लिलाव झाला आणि त्यात सरकारला सुमारे ६७,७१९ कोटी रुपये मिळाले.

येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. लिलावात बोली चढत गेली. प्रत्येक कंपनीस वाटले की आपण मागे राहिलो तर बाजारातून उठलोच. परंतु माल खरेदी करतानाच भाव इतका चढला की विकताना नफ्यास जागा उरली नाही. दर महाग, म्हणून ग्राहक थोडे. ग्राहक थोडे, म्हणून मनोरे थोडे. मनोरे थोडे, म्हणून सेवा मंद. शिवाय खरेदीचा पैसा वसूल होण्यापूर्वीच चौथी पिढी दारात येऊन उभी राहिली. तिसरी पिढी आपल्या देशात कधी नीट नांदलीच नाही. एअरटेलने २०१९ पासून ती बंद करावयास प्रारंभ केला. दुसरी पिढी मात्र राहिली. धाकट्या भावाने आधी घर सोडावे आणि थोरला मागे राहावा, असा हा प्रकार झाला.

दरम्यान फेब्रुवारी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली दिलेले १२२ परवाने रद्द केले. त्या प्रकरणातील फौजदारी खटल्यांतील आरोपी डिसेंबर २०१७ मध्ये विशेष न्यायालयातून निर्दोष सुटले. पुढे ऑक्टोबर २०१९ मध्ये सरकारला देय उत्पन्नाच्या व्याख्येबाबत न्यायालयाचा निकाल कंपन्यांच्या विरुद्ध गेला आणि थकबाकीचे डोंगर उभे राहिले. एके काळी डझनभर कंपन्या असलेल्या या बाजारात तीन खाजगी आणि एक सरकारी गट उरला. एअरसेल आणि रिलायन्स कम्युनिकेशन्स दिवाळखोरीच्या न्यायासनापुढे गेल्या; व्होडाफोन आणि आयडिया यांना २०१८ मध्ये एक व्हावे लागले. हजिऱ्यातील एस्सारचा पोलाद कारखानाही दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून जाऊन डिसेंबर २०१९ मध्ये आर्सेलर मित्तल आणि निप्पॉन स्टील यांच्या हाती गेला. धंदे निराळे, परंतु धडा एकच : कर्जाच्या बळावर घेतलेली मोठी बोली ही पुढच्या तेजीवर लावलेली पैज असते, आणि तेजी कोणाची बांधील नसते.

चौथी पिढी : सर्वच माल पुड्यांतून

चौथी पिढी डिसेंबर २००९ मध्ये स्टॉकहोम आणि ऑस्लो येथे, आणि भारतात एप्रिल २०१२ मध्ये कलकत्त्यास एअरटेलच्या जाळ्यावर आली. हिचे वैशिष्ट्य असे की, बोलणे आणि माहिती हा भेदच हिने पुसून टाकला. पूर्वी दोन माणसे बोलू लागली की त्यांच्यासाठी वाट राखून ठेवली जाई. ती गप्प बसली तरी वाट अडलेलीच. एका गिऱ्हाइकासाठी रेल्वेचा सबंध डबा अडवून ठेवण्यासारखेच हे होते. चौथ्या पिढीत आवाज, चित्र, हिशेब सर्वांच्या लहान लहान पुड्या बांधून, प्रत्येकीवर पत्ता लिहून, जशी जागा मिळेल तशा त्या पाठविल्या जातात.

दुसरे वैशिष्ट्य वाटेच्या रचनेचे. एकच रुंद रस्ता करून त्यावर एक अवजड ट्रक वेगाने पळविण्याऐवजी हिने शेकडो अरुंद पायवाटा शेजारी शेजारी आखल्या आणि प्रत्येकीवर हलकी हातगाडी सोडली. वीस मेगाहर्ट्‌झ रुंदीच्या पट्ट्यात अशा १,२०० वाटा बसतात. इमारतींवर आपटून लहरी उलटसुलट येतात, त्यामुळे एखाद्या वाटेवरील गाडी अडखळली तरी बाकीच्या पोहोचतात, आणि हुकलेली पुडी पुन्हा मागवून घेता येते.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओची सेवा सुरू झाली. या कंपनीने दुसरी आणि तिसरी पिढी ठेवलीच नाही. सर्व काही चौथ्या पिढीवर. आरंभीचे काही महिने सेवा विनामूल्य होती. ज्या एक जीबी माहितीस पूर्वी दोनशे-अडीचशे रुपये पडत, तिचा भाव काही वर्षांत दहा-पंधरा रुपयांच्या आसपास आला. त्याच वर्षी एप्रिलमध्ये यूपीआय आणि शेतमालाचा ई-नाम हा राष्ट्रीय बाजार, असे दोन उपक्रम सुरू झाले होते. पुढे वस्तू व सेवा कर आणि एप्रिल २०१८ पासून आंतरराज्य मालासाठी ई-वे बिल आले. बिल्टी, भाव, पैसा आणि कर हे चारही एका काचेच्या पाटीवर आले ते चौथ्या पिढीमुळेच. आपल्या धंद्यात खरी क्रांती कोणत्या पिढीने केली, असे कोणी विचारल्यास प्रस्तुत लेखक चौथीकडेच बोट दाखवील.

पाचवी पिढी : दिवट्याऐवजी विजेरी

भारतात पाचवी पिढी १ ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू झाली. त्याआधीच्या लिलावात सुमारे दीड लाख कोटी रुपयांची बोली लागली होती. नोव्हेंबर २०२२ मध्ये जिओने गुजरातच्या सर्व ३३ जिल्हा मुख्यालयांत ही सेवा पोहोचल्याचे जाहीर केले. असे होणारे गुजरात हे पहिले राज्य होते.

या पिढीचा मनोरा दिवट्यासारखा चहूकडे प्रकाश फेकीत नाही. अनेक लहान लहान ॲंटेनांच्या साहाय्याने विजेरीचा झोत टाकावा तशी तो लहर नेमकी ग्राहकाच्या दिशेने वळवितो. वाटाही अधिक रुंद आहेत. जागतिक दूरसंचार संघटनेने या पिढीपुढे तीन उद्दिष्टे ठेवली : वेग मोठा, प्रतिसादाचा विलंब एका सेकंदाच्या हजाराव्या भागापर्यंत खाली, आणि एका चौरस किलोमीटरमध्ये दहा लाख यंत्रे जोडण्याची क्षमता. यांतील पहिले उद्दिष्ट आपल्या मुलांना चित्रपट पाहताना जाणवते. दुसरे व तिसरे हजिऱ्यासारख्या ठिकाणी कारखान्यांस आणि बंदरास अधिक उपयोगाचे. तापलेल्या भट्टीजवळची क्रेन दुरून चालवावयाची तर आज्ञा पोहोचण्यास क्षणाचाही विलंब चालत नाही. उद्योगांना आपल्या आवारापुरते स्वतंत्र जाळे उभारता यावे म्हणून केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम केले ते याचसाठी.

तथापि निसर्गाचा नियम कोणत्याही पिढीस चुकत नाही. लहर जितकी आखूड तितकी ती माहिती अधिक वाहून नेऊ शकते, परंतु तितकी लवकर थकते. दुसऱ्या पिढीची ९०० मेगाहर्ट्‌झची लहर सुमारे एक फूट लांबीची. ती भिंती ओलांडून दूरच्या खेड्यात पोहोचते. पाचव्या पिढीसाठी विकल्या गेलेल्या २६ गिगाहर्ट्‌झच्या लहरीची लांबी जेमतेम साडेअकरा मिलिमीटर. तिला झाडाचे पान, पावसाची सर आणि लोखंडी पत्रा हे सर्वच अडथळे. हजिऱ्यात तर पत्र्याच्या शेडांना तोटा नाही! म्हणून अशा लहरींसाठी मनोरे जवळ जवळ उभारावे लागतात, आणि खर्च वाढतो. अभिमानाची गोष्ट ही की, इतक्या आखूड लहरींवरील प्रयोग १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात आचार्य जगदीशचंद्र बोस यांनी करून दाखविले होते. बियाणे आपले, पीक दुसऱ्याच्या शेतात, असा हा इतिहास. म्हणूनच देशातच तयार झालेल्या यंत्रणेवर बीएसएनएलचे चौथ्या पिढीचे जाळे सप्टेंबर २०२५ मध्ये राष्ट्रास अर्पण झाले, ही घटना समाधान देणारी आहे.

पिढी का बदलते?

साधारणतः दर दहा वर्षांनी नवी पिढी येते, हे वरील सनावळीवरून ध्यानात येईल. याचे कारण फॅशन नव्हे. लहरींचा पट्टा शेतजमिनीसारखा आहे. तो वाढत नाही. माणसे आणि त्यांच्या गरजा मात्र वाढतात. तेव्हा त्याच एकरात अधिक पीक काढणारे बियाणे शोधावे लागते. प्रत्येक पिढी म्हणजे असे एक नवे बियाणे. परंतु ते एकट्याने पेरून चालत नाही. जगभरच्या देशांना जिनिव्हाच्या दूरसंचार संघटनेत बसून लहरी ठरवाव्या लागतात, १९९८ पासून कार्यरत असलेल्या '३जीपीपी' या संयुक्त मंडळात मापे ठरतात, मग यंत्रे बनतात, मग लिलाव, मग मनोरे, आणि शेवटी ग्राहकाच्या खिशाला परवडणारे यंत्र. या साऱ्यास दशक लागते. सहाव्या पिढीची चौकट २०२३ मध्ये ठरली आहे आणि २०३० च्या सुमारास ती येईल अशी अपेक्षा आहे.

जमाखर्च

आता व्यापाऱ्याच्या रिवाजाप्रमाणे रोजमेळ मांडू.

जमेच्या बाजूस वेग, स्वस्ताई आणि सोय आहे; ती सर्वांस दिसते. नावेच्या बाजूस पहिली रक्कम अशी की, बातमीवरचा आपला नफा संपला. २००० सालापासून मध्य प्रदेशातील खेड्यांत आयटीसी कंपनीने ई-चौपाल नावाची केंद्रे उघडून शेतकऱ्यांना सोयाबीनचे भाव कळविण्यास सुरुवात केली. त्यावर अपराजिता गोयल यांनी केलेले अर्थशास्त्रीय संशोधन २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ही केंद्रे झाल्यावर मंडईतील सोयाबीनचा भाव सरासरी एक ते तीन टक्के वाढल्याचे त्यात दिसून आले. घाऊक धान्य व्यापारात एक ते तीन टक्के म्हणजे किती, हे वाचकांस सांगण्याची आवश्यकता नाही; अनेकदा तोच सारा नफा असतो. तेव्हा केंद्र निवडक खेड्यांत होते. आता ते प्रत्येक बांधावर आहे. खानदेशातला शेतकरी बैलगाडी जुंपण्यापूर्वी तीन बाजारांचे भाव पाहून निघतो.

याबद्दल काही बंधू हळहळ व्यक्त करतात. प्रस्तुत लेखकास ती योग्य वाटत नाही. शेतकऱ्याच्या अज्ञानावर मिळालेला नफा हा व्यापाराचा नव्हताच. तो अंधाराचा नफा होता. अंधार गेला, त्याबरोबर तोही गेला. आता व्यापाऱ्याजवळ उरले ते मूळचे भांडवल : मालाची पारख, साठवणुकीची काळजी, वेळेवर चुकता केलेला पैसा आणि दिलेला शब्द. हरभऱ्यातील ओल किती, डाळीचा उतारा किती पडेल, हे कोणतीही पिढी अजून भ्रमणध्वनीवरून हातात घेऊन पाहू शकत नाही. ज्याची पेढी या चार गोष्टींवर उभी आहे तिला कितवी पिढी आली याची धास्ती नाही.

नावेची दुसरी रक्कम अधिक गंभीर आहे, आणि ती आपल्या नावावर नसून दुसऱ्याच्या नावावर पडते. आपल्या वखारीत पोती वाहणाऱ्या पुष्कळ हमालांकडे आजही साधा बटणांचा दूरध्वनी आहे. तो दुसऱ्या पिढीवर चालतो. अमेरिकेत पहिली पिढी २००८ मध्ये आणि तिसरी २०२२ मध्ये मोठ्या कंपन्यांनी बंद केली. आपल्याकडे दुसरीचे दिवसही कधी ना कधी भरतील. त्या दिवशी हातातील यंत्र मुके होईल ते सर्वात गरीब माणसाचे. जो मजुरी खात्यावर घेतो आणि ज्याचे कुटुंब दूरगावी आहे त्याची ही तार तुटणार आहे. साध्या यंत्रावरूनही पैसे पाठविता यावेत म्हणून मार्च २०२२ मध्ये 'यूपीआय १२३पे' ही सोय निघाली, परंतु ती ठाऊक असणारे थोडे. आपल्या मंडळाने या वर्षी एवढे तरी करावे : प्रत्येक पेढीने आपल्याकडील हमाल-मापाड्यांपैकी किती जणांकडे जुने यंत्र आहे याची यादी करावी, आणि सणाच्या भेटीत कापडाऐवजी एखादे साधे चौथ्या पिढीचे यंत्र देता येईल का, याचा विचार करावा. ते कसे वापरावे हे घरातील मुलांनी त्यांना शिकवावे. खर्च फार नाही.

तिसरी रक्कम फसवणुकीची. वाट रुंद झाली की चोरही वेगाने येतो. पोलिसांचे सोंग घेऊन चित्रासह बोलणारे, 'तुम्हांस अटक झाली आहे' असे सांगून पैसे उकळणारे, आपल्या नावावर दुसरे सिम काढणारे, हे सर्व या वेगाचेच उपफळ होय. कोणतेही सरकारी खाते दूरध्वनीवर कोणास अटक करीत नाही, हे घरातील वडीलधाऱ्यांस आवर्जून सांगावे. आपल्या नावावर किती क्रमांक आहेत हे सरकारच्या 'संचार साथी' या सोयीवर पाहता येते, आणि पैसे गेल्यास ताबडतोब १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदविता येते. येथे तासाचे महत्त्व लाइटनिंग कॉलइतकेच आहे.

शेवटची गोष्ट खरेदीची. नवी पिढी आली म्हणून लगेच नवे यंत्र घेतलेच पाहिजे असे नाही. तोलकाटा, पैशाचा आवाज देणारी पेटी, ई-वे बिल यांना चौथी पिढी पुरेशी आहे. ज्याची पेढी मोठी, ज्याच्या वखारी अनेक आणि ज्यास दुरून मालावर नजर ठेवावयाची आहे, त्याने पाचवीचा विचार अवश्य करावा. गरज पाहून घेतलेले साधन भांडवल ठरते. शेजाऱ्याकडे पाहून घेतलेले साधन नुसता खर्च ठरते. ज्या कंपन्यांनी परस्परांकडे पाहून बोली चढविल्या त्यांची कहाणी वर आलीच आहे.

पिढ्या येतील आणि जातील. पेढी टिकते ती जुने सोडण्याच्या घाईने नव्हे, आणि नव्याच्या भीतीनेही नव्हे. ती टिकते नव्या साधनातून जुनाच शब्द पाळल्याने. आपल्या सभासद बंधू-भगिनींस व त्यांच्या कुटुंबीयांस येणारे वर्ष सुखाचे, आरोग्याचे आणि बरकतीचे जावो, ही सदिच्छा व्यक्त करून लेखणी खाली ठेवतो.